उघड्या डोळ्यांची प्रार्थना

तुमच्या लेकराला कुणी तोंडावर म्हणालं, "काय सुंदर गातं हो हे पोर," तर तुम्हाला आधी आनंद होतो की आधी भीती वाटते? खरं सांगा. चांगली शिकलेली माणसं असं ऐकल्यावर विषय बदलतात, घरी गेल्यावर मीठ-मोहरी ओवाळतात, हे मी पाहिलं आहे. वाईट बोलणाऱ्याचा आपण करत नाही एवढा बंदोबस्त चांगलं बोलणाऱ्याचा करतो.

ज्या बाईंबद्दल मी लिहिते आहे त्या आयुष्यभर चांगलंच बोलल्या. म्हणून गाव त्यांना भ्यालं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे, एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि दुसऱ्या अंगाला सागाचं जंगल असलेल्या गावात मी शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. शाळा मिळाली, खोली मिळेना. पहिल्या घरात आडनाव विचारलं आणि खोली "कालच दिली" असं कळलं. दुसऱ्या घरात आडनाव न विचारता वडिलांचं गाव आणि मोहल्ला विचारला आणि तीही खोली कालच दिलेली निघाली. आमचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. वडील झोळीतून पत्रकं घेऊन गावोगाव फिरायचे, मी पाठ्यपुस्तकाआधी पत्रकं वाचायला शिकले. त्यामुळे असल्या उत्तरांची मला सवय होती. राग मात्र रोज नवा यायचा.

तिसरं घर गावाच्या टोकाला, जंगलाला लागून होतं. गावात ख्रिश्चनांचं तेवढं एकच घर. मिशनचा दवाखाना कधीकाळी तिथे होता, तो बंद पडला, डॉक्टर गेले, औषधांची कपाटं गेली आणि नर्स मागे राहिली. अख्खं गाव तिला सिस्टरबाई म्हणायचं. पांढरं पातळ, अंगाने काटकुळी, हातात काळी छत्री. आणि डोळे. त्या डोळ्यांच्या पापण्या फार क्वचित लवायच्या. पाण्याखालचा दगड जसा आपल्याकडे बघतो आहे असं वाटतं, तसं त्यांच्यासमोर वाटायचं.

"तुले काय येते?" त्यांनी विचारलं.

"काय येतं म्हणजे? डी.एड. झालंय."

"ते कागदाचं झालं. हातानं काय येते?"

मी थोडा विचार केला. "फळ्यावर नकाशा काढता येतो. न बघता."

"मंग ये," म्हणाल्या आणि खोलीचं दार उघडलं. आडनाव त्यांनी पुढेही विचारलं नाही. मीच एकदा सांगितलं, तर म्हणाल्या, "ठीक हाय. पन नकाशा दाखव."

आणि खरोखर त्या नकाशा बघायला शाळेत आल्या. चौथीच्या वर्गात मी गोदावरी आणि तिच्या उपनद्या काढत होते. मधेच मानेवर काहीतरी टेकल्यासारखं झालं. पोरं एकदम गप्प. वळून पाहिलं तर खिडकीच्या गजांपलीकडे सिस्टरबाई उभ्या. डोळे सताड उघडे, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी रेघ पूर्ण केली, पण इंद्रावती भामरागडच्या भलत्याच बाजूने गेली. मग त्या स्पष्ट आवाजात बोलल्या, "देवा, या पोरीच्या हाताबद्दल तुहे आभार," आणि छत्री टेकत निघून गेल्या. दिवसभर माझी बोटं गार होती. कौतुकाने बोटं गार पडतात, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांची प्रार्थना म्हणजे एवढंच. गावात हिंडायचं, कुणी काही नीट करताना दिसलं की मागे जाऊन उभं राहायचं, ते काम संपेपर्यंत टक लावून बघायचं आणि शेवटी मोठ्याने आभार मानून चालू लागायचं. नांगराला फाळ बसवणारा असो, भिंत सारवणारी असो, सायकलची रिंग सरळ करणारा असो. मार्चमध्ये पहाटे मोहफुलं टपटप पडतात, बाया वाकून वेचतात. त्यांच्या मागे धुक्यात ही पांढरी आकृती उभी असायची. बाया वळून पाहायच्या नाहीत. एकीने मला सांगितलं, "मॅडम, वळून पाह्यलं तं बरं नाई म्हनतात. त्या मनात काईतरी बोलून राह्यल्या असतात."

"आभार मानतात त्या."

"आभार तं शेवटी मानतात. त्याच्याआधी मनात काऊन बोलतात?"

वर्षातून काही वेळा चंद्रपूरहून चर्चचे पाळकसाहेब मोटारसायकलवर यायचे. सिस्टरबाई, मी आणि एक मांजर एवढी मंडळी. एकदा प्रार्थना झाल्यावर साहेब जरा घसा खाकरून म्हणाले, "सिस्टर, प्रार्थनेत डोळे मिटावेत. तशी रीत आहे."

"माहे उघडे होते हे तुमाले कसं दिसलं, साहेब?"

साहेब चहा प्यायले आणि गेले. ते गेल्यावर मी विचारलं, "पण खरंच, का नाही मिटत?"

"कोनी तुले भेट देली, तं तू डोळे मिटून घेते का? पाहायले नोको त्यानं काय देलं ते?" मग माझ्याकडे बघत राहिल्या. "तू देव मानत नाई ना?"

"नाही."

"नोको मानू. मंग आभार कोनाचे मानते?"

"ज्याचं काम त्याचे."

"मान ना मंग. आज कोनाचे मानले?"

मी वडिलांच्या पत्रकांतली श्रमाच्या प्रतिष्ठेवरची दोन वाक्यं म्हणून दाखवली. त्यांनी ती मन लावून ऐकली आणि म्हणाल्या, "पाठांतर चांगलं हाय तुहं. देवाचे आभार." यावर भांडणार तरी कसं?

आता त्यांच्या भिंतीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच झालं.

पुढच्या खोलीत एक साधा सागवानी क्रूस होता. त्याच्या भोवती, छतापासून कमरेपर्यंत, सुतळीला टांगलेल्या वस्तू: सुंभाचा तुकडा, विळ्याची जुनी मूठ, मासे धरायच्या जाळ्याचा हातभर भाग, लुगड्याची रफू केलेली किनार, बांबूच्या काड्या. ज्याचं काम आवडलं त्याच्याकडून त्या काहीतरी मागून घ्यायच्या. "म्हातारी झाली, विसरून जाते. डोळ्यांपुढे असलं का आभार चुकत नाईत." रोज सकाळी त्या एकेका वस्तूला बोट लावून माणसाचं नाव घ्यायच्या. उन्हाळ्यात तापलेल्या दुपारी, गाव चिडीचूप असताना, त्या काड्या आपोआप टिक टिक वाजायच्या. बांबू तापला की आकसतो, हे मी विज्ञानाच्या तासाला शिकवते. तरी त्या खोलीत एकटीने बसायला मला आवडायचं नाही.

गावाला त्या भिंतीत वेगळंच दिसायचं. आमच्या भागात कुणी तुमच्या हाताची वस्तू, केस, कपड्याची चिंधी मागून नेऊन घरात टांगली, तर त्याला करणी म्हणतात. सिस्टरबाईंना हे ठाऊक नव्हतं का? दवाखान्यात त्यांनी करणीने आजारी पडलेली म्हणून आणलेली माणसं पाहिली होती, बरीही केली होती. पण लोक आपल्याबद्दल तसा विचार करतील हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. आभारासाठी ठेवलेल्या वस्तूला कुणी भिईल, ही गोष्ट त्यांच्या लेखी देवाने भाकरी चोरली असं कुणी म्हणण्यासारखी होती.

शेवंताबाई बुरूड. तिच्या हाताची सुपं सावलीच्या बाजारात आधी संपायची. सूप विणताना ती एक काडी मुद्दाम वाकडी घालायची, नजर लागू नये म्हणून. सिस्टरबाई तिच्या अंगणात तासन् तास उभ्या राहायच्या आणि शेवंता पाठ करून विणायची. तिचा मुलगा मारोती. धान निघालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं आणि दंडारी, म्हणजे नाचगाण्यांची लोकनाट्यं, होतात. मारोती दंडारीत बाईचं काम करायचा. त्याचा आवाज असा होता की पहिल्या ओळीला बिड्या विझायच्या. तालीम दुपारी नदीकाठी चालायची आणि सिस्टरबाई रेतीत छत्री रोवून उभ्या. एकदा तालीम संपल्यावर त्यांनी त्याच्याकडे चाळातलं एक घुंगरू मागितलं. पोरगं हसलं, दात लावून दोरा तोडला आणि दिलं. "घ्या सिस्टरबाई. पन माह्यासाठी एक सिनेमा मागा देवाले."

"सिनेमा नाई मागत. हाय ते राहू दे म्हनते."

हे वाक्य पुढे गावाने हजारदा उगाळलं. हाय ते राहू दे.

नाटकांचा हंगाम ऐन भरात होता. एका दुपारी मी घरी वह्या तपासत बसले होते. झाडाचं पान हलत नव्हतं. कुत्री सावलीत निपचित. भिंतीवरचं घुंगरू एकदा वाजलं. एकदाच, कुणी पाय उचलून ठेवावा तसं. सिस्टरबाई मागच्या अंगणात लाखोळीची डाळ निवडत होत्या, मांजर त्यांच्यापाशी. मी उठून पाहिलं, सुतळी स्थिर होती. संध्याकाळी कळलं की तालमीत मारोतीचा आवाज मधेच तुटला आणि त्यानंतर फक्त हवा बाहेर आली.

मी याला योगायोग म्हणते. आजही म्हणते आणि उद्याही म्हणेन. पण ऐकलं होतं, हे लपवून मला खोटी विवेकवादी व्हायचं नाही.

शेवंताने मुलाला आधी भगताकडे नेलं. भगताने पाण्यात बघून सांगितलं: याची एक वस्तू कुणाच्या तरी घरात टांगलेली आहे, ती लटकते आहे तोवर गळा लटकलेला. सांगायला अवघड काय होतं? भिंत अख्ख्या तालुक्याला माहीत होती.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी ते आले. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. धुळीत पावलांचा आवाज तेवढा. शेवंता पुढे, मागे सारी गल्ली. पोलीस पाटील लांब चिंचेखाली उभा राहून चुना मळत होता. एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता. जादूटोण्याविरुद्धचा कायदा तेव्हा आला नव्हता. असता तरी त्या दुपारी तो चिंचेखालीच उभा राहिला असता.

"घुंगरू काढ, सिस्टर," शेवंता म्हणाली. एरवी ती त्यांना अहो-जाहो करायची. "काढ न् दे. एकच लेकरू हाय मले."

मी दारात आडवी उभी होते. ओरडत होते, घशाला सूज येते, डॉक्टरला दाखवा, चंद्रपूरला चला, मी येते सोबत. "मॅडम, तुमी बाजूले व्हा," कुणीतरी अगदी मायेने म्हणालं, आणि त्या मायेची मला जास्त भीती वाटली. मी वळून सिस्टरबाईंच्या कानात म्हटलं, "देऊन टाका ना. घुंगरूच तर आहे."

"देलं तं गळा मीच बांधला होता असं होईल. मंग उद्या सूप मागतील, परवा जाळं. आनि ज्याची वस्तू नाई मागितली, त्याचं काई वाईट झालं का माह्याकडंच येतील." त्यांनी मला हाताने बाजूला केलं आणि पायरीवर आल्या.

त्यांनी काय केलं असेल? त्यांना जे एकच येत होतं ते केलं. रॉकेलवाल्याकडे बघितलं, पापणी न लववता.

"तुह्या हातचा बांध फुटत नाई. पावसाळ्यात साऱ्यांचे फुटतात, तुहा नाई फुटत. देवा, याच्या हाताबद्दल तुहे आभार."

त्या माणसाने डबा टाकला आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले. डबा लवंडून रॉकेल धुळीत पसरलं. सिस्टरबाईंनी शेजारच्या बाईकडे मान वळवली. "तुह्या हातचं बाळंतपन..." पुढचं ऐकायला ती थांबली नाही. तिने पदर तोंडावर ओढला आणि किंचाळली, "नोको पाहू! सिस्टर, नोको पाहू!" मग गमछे चेहऱ्यांवर गेले. आया लेकरांचे डोळे झाकू लागल्या. सिस्टरबाई एकेकाकडे बघत, एकेकाचा गुण सांगत होत्या, आवाज न चढवता, हाताचं, पायाचं, गळ्याचं, अकलेचं. आणि माणसं मागे सरत होती. माझ्याबद्दल असं कुणी चारचौघांत बोललं असतं तर मी त्यावर वर्ष काढलं असतं. ती माणसं तेच शब्द दगडासारखे चुकवत पळाली. गल्ली रिकामी झाली. रॉकेलचा वास आणि ऊन. शेवंता एकटी उभी होती, डोळे गच्च मिटून. मग तीही चाचपडत गेली.

सिस्टरबाई वाचल्या. पण लोकांच्या भीतीने वाचल्या, हे त्यांना त्या क्षणी कळलं. पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "मी देवाचं बोलून राह्यली होती ना गं? मंग ते असे काऊन पळाले?"

मारोतीला मी चंद्रपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, विश्रांती न देता रात्र रात्र गायल्याने गळ्यातल्या पडद्यांवर गाठी आल्या आहेत. काही महिने मौन. आवाज परत आला, पण जाड होऊन आला. बाईचं काम पुन्हा कुणी दिलं नाही. तो भातगिरणीवर लागला. डॉक्टरांचं म्हणणं मी घरोघर सांगितलं, पत्रक लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलं. लोक मान डोलवायचे. "गाठी आल्या ना मॅडम. पन आल्या काऊन?"

त्यानंतर गावाने एक विचित्र शिस्त लावून घेतली. सिस्टरबाई रस्त्याला लागल्या की काम थांबायचं. कुऱ्हाड लाकडात अडकवून ठेवलेली, सुई कापडात टोचलेली, जात्याचा खुंटा हातात धरलेला पण जातं स्थिर. त्या पुढे गेल्या की मागे आवाज पुन्हा सुरू व्हायचे. मी एकदा त्यांच्यासोबत चालले. आम्ही जिथे असू तिथे गाव मेलेलं, आमच्या मागे जिवंत. मी वळून वळून मागे पाहत होते. त्यांना मात्र दुसरीच काळजी. "माह्यापायी लोकायचं काम खोळंबून राह्यलं," म्हणाल्या.

मग त्या डोळे मिटून चालू लागल्या.

गावात शिरायच्या आधी, आंब्यापाशी, डोळे मिटायच्या आणि छत्रीने वाट चाचपत जायच्या. दुकानात जायचं, मीठ घ्यायचं, परत आंब्यापर्यंत यायचं आणि मग उघडायचे. लोकांना दिसावं म्हणून मान वर करून चालायच्या. मी चिडले, रडले. हा अपमान आहे, म्हटलं. तुम्ही त्यांच्या अंधश्रद्धेला मान देता आहात. त्या म्हणाल्या, "मान नाई देत. काम करू देते. त्यायचं काम थांबलं तं मी आभार कशाचे मानू?"

पहिले काही दिवस लोक तरीही थांबले. मग कुऱ्हाडी चालू झाल्या.

एका सकाळी मी शाळेत निघाले होते, म्हणून मला हे दिसलं. शेवंता अंगणात बांबू चिरत होती. कामट्यांचा ढीग वाटेवर आला होता. सिस्टरबाईंची छत्री ढिगाच्या वरून गेली, पाय अडकला, त्या तोंडावर पडल्या. कपाळाला बांबूची धार लागली. रक्त भुवईवरून पापण्यांवर आलं. आणि पापण्या मिटलेल्याच.

शेवंता कोयता घेऊन उभी राहिली. जवळ गेली नाही. "लागलं काय?" एवढंच म्हणाली.

सिस्टरबाईंनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "शेवंता ना? घाबरू नोको. नाई पाह्यलं मी. आवाज आला फकत." रक्त त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. "लई बारीक चिरते तू. आवाजावरून कळते."

मी धावले, त्यांना उठवलं, घरी आणलं. शेवंता तशीच उभी होती. तिच्या तोंडावर काय होतं हे मला लगेच ओळखता आलं नाही. भीतीच होती, पण या वेळी ती सिस्टरबाईंची भीती नव्हती, आपण काय करून बसलो याची होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती आमच्या अंगणात आली. काखेत कामट्या, हातात कोयता. गल्लीतली दारं किलकिली झाली. शेवंता जमिनीवर बसली, पाय पसरले आणि सूप विणायला घेतलं. सिस्टरबाई कपाळाला पट्टी बांधून ओसरीवर होत्या. आवाज ऐकताच त्यांनी डोळे मिटले.

"उघडा डोळे," शेवंता म्हणाली.

"नोको बाई. तुहं लेकरू..."

"लेकराचं व्हायचं ते होऊन गेलं. काल डोळ्यात रक्त जाऊन राह्यलं होतं तं पन उघडले नाईत तुमी. मानसं खानारी बाई असं करते का?" तिचे हात थरथरत होते, काडी दोनदा सुटली. ती भीत होती, अजूनही भीत होती, हे लक्षात ठेवा. "माह्या हाताकडं कोनी पाहूनच नाई राह्यलं, सिस्टरबाई. गिऱ्हाईक सुपाकडं पाह्यते. उघडा म्हनते ना मी."

सिस्टरबाईंनी डोळे उघडले. सूप पूर्ण होईपर्यंत त्या बघत होत्या आणि या वेळी शेवंता पाठ करून बसली नव्हती. मोठ्याने आभार मानण्याऐवजी त्यांनी पुऱ्या झालेल्या सुपाला बोट लावलं आणि शेवंताचं नाव घेतलं.

दुसरं कुणी आलं नाही. मी माझी बदली होईपर्यंत वाट पाहिली. मारोती एकदा कुंपणापर्यंत येऊन परत गेला. बाकीच्यांची दारं किलकिलीच राहिली. सिस्टरबाई गावात शेवटपर्यंत डोळे मिटून चालल्या, शेवंताचं एक अंगण सोडून.

तुमच्याकडेही अशी एखादी बाई असेल. ती आली की बोलणं थांबतं, पोरं आत बोलावली जातात. तिच्यासाठी पत्रकं वाटू नका, मी वाटून पाहिली आहेत. तिच्या बाजूने भांडूही नका, निदान आधी नको. तुम्हाला जे खरंच चांगलं येतं ते हातात घ्या, शिवण असो, वेणी असो, सायकलचं पंक्चर असो, आणि उद्या भर दुपारी, गल्लीला दिसेल असं, तिच्या अंगणात जाऊन बसा. हात थरथरले तर थरथरू द्या. तिच्याकडे तोंड करून काम सुरू करा, आणि तिला बघू द्या.